घरच्या सर्व्हरचं पोर्ट बाहेरून उघडेना: नियम बरोबर आहे, मग पॅकेट अडतं कुठं?

परभणीहून एका मित्रांनी विचारलंय. वडिलांची मोंढ्यात आडत आहे. वसमत रोडला घरी जुना डेस्कटॉप ठेवलाय, त्यावर उबुंटू (विंडोजसारखीच, पण लिनक्सची प्रणाली), आणि उबुंटूवर हिशोबाचं वेब सॉफ्टवेअर ८०८० पोर्टवर (म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारावर) चालतंय. घरच्या वाय-फायवर मोबाईलमध्ये १९२.१६८.०.१० टाकलं की झटक्यात उघडतं. राऊटरमध्ये ८०८० चं पोर्ट फॉरवर्डिंग केलंय, तरी दुकानातून उघडेना गेलंय. पोर्ट तपासणारी वेबसाइट ‘क्लोज्ड’ म्हणते. फायबरवाल्याचा माणूस आला, १९२.१६८.१.१ उघडून बघितलं आणि “सर, आपल्याकडून सगळं ओके दाखवायलंय” म्हणून निघून गेला. राऊटर तीनदा रिसेट करून झालाय. सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत शेतकऱ्याची पट्टी दुकानातून काढता आली पाहिजे, एवढीच मागणी आहे.

आधी ते रिसेटचं बटण सोडा. तुमच्या स्वतःच्या राऊटरचं रिसेट केलंत तर फार काही बिघडत नाही, पण कंपनीनं भिंतीवर लावलेल्या फायबरच्या डब्याचं बटण दाबलंत तर त्यातलं युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या तुमच्या वाटेचा) नंबर पुसला जाऊ शकतो. मग माणूस येईपर्यंत घरात नेटच नाही. पोर्ट फॉरवर्डिंगचं दुखणं रिसेटनं बरं झालेलं मी अजून तरी पाहिलेलं नाही.

आता तुमच्याच प्रश्नातल्या दोन आकड्यांकडे बघा. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.०.१०. कंपनीच्या माणसानं उघडलेलं पान १९२.१६८.१.१. तिसरा आकडा वेगळा आहे, एकीकडे शून्य, दुसरीकडे एक. नेहमीच्या घरगुती मांडणीत याचा अर्थ घरात दोन नेटवर्क आहेत, म्हणजेच राऊटरचं काम करणारे डबे दोन आहेत: कंपनीचा फायबर डबा आणि त्याच्यापुढं तुम्ही विकत आणलेला चांगल्या रेंजचा राऊटर. तुम्ही नियम लावलात तो बहुतेक दुसऱ्यात. बाहेरून येणारं पॅकेट, म्हणजे नेटवरून धावणारा माहितीचा तुकडा, पहिल्याच डब्यापाशी मरतं, तुमच्या नियमापर्यंत पोचतच नाही. नियम शंभर टक्के बरोबर असला तरी काय उपयोग?

मोंढ्याच्याच भाषेत सांगतो. बाजार समितीच्या गेटवर पत्ता एकच असतो, आत गाळे शेकडो. गाडी आली की गेटवरचा माणूस पावती बघून सांगतो, अमक्या गाळ्याला जा. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या गेटवाल्याला दिलेली सूचना: ८०८० ची गाडी आली की दहा नंबरच्या गाळ्याला पाठव. तुम्ही ही सूचना आतल्या गल्लीतल्या वॉचमनला दिलीय. मेन गेटवाल्याला काहीच माहीत नाही, तो गाडी तिथूनच परत लावतोय.

म्हणून पहिलं काम पाच मिनिटांचं. तुमच्या राऊटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ किंवा ‘इंटरनेट आयपी’ (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) अशी ओळ असते, तो पत्ता कागदावर लिहून घ्या. मग त्याच वाय-फायवरून ‘व्हॉट इज माय आयपी’ असं शोधून जो पत्ता दिसतो तोही लिहा. दोन्ही जुळले तर पत्ता तुमचा आहे, पुढं वाचा. जुळले नाहीत तर राऊटरमधल्या पत्त्याची सुरुवात बघायची. १९२.१६८ असेल तर वर म्हटलेली दोन डब्यांची भानगड. १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर कंपनीनं तुम्हाला सामायिक पत्त्यामागं ठेवलंय; त्याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात, आमच्या बोलण्यात सीजीनॅट. १० ने सुरू होणारा पत्ता दोन्हीकडे सापडतो, पण कंपनीकडून आलेल्या जोडणीवर दिसला तर बहुधा सीजीनॅटच. आणि नुसता १०० बघून दचकू नका, दुसरा आकडा ६४ च्या खाली असेल तर तो साधा पब्लिक पत्ता असू शकतो. (एका गड्यानं मला फोनमधल्या टेलस्केल नावाच्या खाजगी नेटवर्कच्या ॲपचा १०० चा पत्ता पाठवला आणि कंपनीशी भांडायला निघाला होता. टेलस्केलही हीच रांग वापरतं. पत्ता राऊटरच्या पानावरचाच बघायचा.)

कंपन्या असं का करतात? पत्ते संपलेत म्हणून. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून आशिया-पॅसिफिकच्या वाट्यालाही रेशनिंग लागलं. २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची रांग खास या सामायिक कामासाठी राखून ठेवली गेली. त्यानंतर ज्यांनी जाळं पसरवलं त्यांना प्रत्येक घराला स्वतंत्र पत्ता देणं परवडत नाही. आपल्याकडं फायबर जिल्ह्याच्या गावी आणि तालुक्याला पोचलं ते बहुतेक याच काळात, म्हणून हे दुखणं आपल्याकडं फार. मला येणाऱ्या दहा फोनमधले सहा-सात इथंच निकाली निघतात, राऊटरचं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान न उघडता.

दोन डब्यांचा उपाय आधी, कारण तुमचं तेच दिसतंय. तीन वाटा आहेत. फायबरचा डबा ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून घ्यायचा, म्हणजे तो नुसता तार जोडायचं काम करेल आणि युजरनेम-पासवर्ड तुमच्या राऊटरमध्ये जाईल, यासाठी कंपनीकडून ते दोन्ही आणि व्हीलॅन नंबर मागून घ्यावा लागतो आणि काही ठिकाणी ते देता देत नाहीत. दुसरी वाट, दोन्ही डब्यांत नियम लावायचा: पहिल्यात ८०८० तुमच्या राऊटरच्या पत्त्याला, दुसऱ्यात ८०८० सर्व्हरला. चालतं, पण सहा महिन्यांनी एकात बदल करून दुसरा विसरता. मला तिसरी आवडते. तुमचा राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ला टाका, तो फक्त वाय-फाय देईल, राऊटरचं काम सोडून देईल. घरात एकच नेटवर्क राहतं आणि नियम एकाच जागी लागतो. मात्र सर्व्हरचा पत्ता बदलून १९२.१६८.१ असा होईल हे लक्षात ठेवा.

जालन्यात एका बियाण्याच्या दुकानात मी स्वतः या खड्ड्यात पडलोय. कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र) बाहेरून दिसेना. दुपारी दोनला बसलो, नियम काढला, लावला, डीव्हीआरचं फर्मवेअर बदललं, पोर्ट बदललं. साडेपाचला मालकाचा पोरगा चहा घेऊन आला आणि सहज म्हणाला, “काका, वर माळ्यावर अजून एक डबा आहे, त्याची लाईट लाल-लाल लागायली, ते चालतं का?” फायबर माळ्यावर उतरलं होतं. खाली आणलेली केबल मी थेट कंपनीची समजून बसलो होतो. तेव्हापासून कुठंही गेलो की आधी तार हातानं धरून शेवटपर्यंत जातो, लॅपटॉप नंतर उघडतो.

आता समजा डब्यांचं निस्तरलं, वॅनचा पत्ता बाहेरच्या पत्त्याशी जुळला, तरी उघडेना. इथून पुढं अंदाजानं सेटिंग बदलायचं नाही. पॅकेट कुठवर येतं ते डोळ्यांनी बघायचं. उबुंटूवर टीसीपीडम्प नावाचं साधन आहे. टर्मिनलमध्ये सुडोनं (ॲडमिनच्या अधिकारानं) ते चालवा, ‘एन’ पर्याय द्या म्हणजे ते नावं शोधत बसत नाही, इंटरफेसच्या (नेटच्या जोडणीच्या) जागी ‘एनी’ लिहा आणि शेवटी पोर्ट ८०८०. स्क्रीन गप्प बसून राहील. मग दुकानात बसलेल्या माणसाला फोन लावा आणि सांगा, आता पान उघड. फोन कानाला, डोळे स्क्रीनवर.

काहीच ओळ उमटली नाही, तर पॅकेट घरापर्यंत किंवा निदान सर्व्हरपर्यंत आलंच नाही: कंपनी, फायबरचा डबा किंवा राऊटरचा नियम. ओळ उमटली आणि फ्लॅगमध्ये नुसता ‘एस’ (जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) दिसतोय, थोड्या-थोड्या वेळानं तोच परत येतोय, उत्तराची ओळ नाही, तर पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचलं. राऊटर निर्दोष, सर्व्हरचं फायरवॉल, म्हणजे आत येणाऱ्या पॅकेटांवरचा पहारेकरी, ते गिळतंय. टीसीपीडम्प पॅकेट फायरवॉलच्या आधी पकडतं, म्हणूनच फायरवॉलनं अडवलं तरी ते इथं दिसतं. ‘एस’ आल्या-आल्या लगेच ‘आर’ (म्हणजे नकार) गेला तर त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. आणि ‘एस’ आला, सर्व्हरनं ‘एस’ आणि टिंब असं उत्तर पाठवलं, तरी पुन्हा-पुन्हा तोच ‘एस’ येत राहिला, तर उत्तर वाटेत हरवतंय. ही शेवटची जात सगळ्यात छळणारी. सर्व्हरला दोन जोडण्या असतात, एक केबल आणि एक वाय-फाय, किंवा एखादं व्हीपीएन (नेटवरून काढलेली खाजगी वाट) चालू राहिलेलं असतं. पॅकेट एका दारानं येतं आणि उत्तर दुसऱ्या दारानं जातं. समोरचा त्याला ओळखत नाही. जास्तीची जोडणी बंद करा आणि डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं ठरलेलं दार) म्हणून नियम लावलेलाच राऊटर आहे का ते बघा.

ब्राउझरच्या बोलण्याकडंही नीट लक्ष द्या. ‘रिफ्यूज्ड’ लगेच आलं तर कुणीतरी पॅकेट बघून नाही म्हटलंय. गोल-गोल फिरून मिनिटभरानं ‘टाइम्ड आउट’ आलं तर पॅकेट कुठंतरी गुपचूप टाकून दिलंय. हा फरक लोक सांगतच नाहीत, नुसतं “उघडेना” म्हणतात.

फायरवॉलमधली एक बारीक गोष्ट तुमच्या बाबतीत असू शकते. घरात उघडतं, बाहेरून नाही, आणि टीसीपीडम्पमध्ये नुसता ‘एस’ दिसतो, असं असेल तर यूएफडब्ल्यूचे, म्हणजे उबुंटूच्या फायरवॉलचे, नियम वाचा. पुष्कळदा सुरक्षितता म्हणून ‘फक्त १९२.१६८.०.० च्या नेटवर्कला परवानगी’ असा नियम लावलेला असतो. फॉरवर्ड झालेलं पॅकेट राऊटरमधून येत असलं तरी त्यावर पाठवणाऱ्याचा मूळचा, बाहेरचाच पत्ता राहतो, म्हणून ते या नियमात बसत नाही. विंडोज सर्व्हर असेल तर तिथं याचा भाऊ आहे: नियमाच्या स्कोपमध्ये ‘लोकल सबनेट’ निवडलेलं असतं, किंवा नेटवर्क ‘पब्लिक’ प्रोफाइलवर असतं आणि नियम फक्त ‘प्रायव्हेट’ला लागू. डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) वापरत असाल तर उलटं आश्चर्य: डॉकरनं उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूला बगल देऊन जातं, म्हणजे तुम्ही बंद समजता ते उघडं असतं.

सॉफ्टवेअर १२७.०.०.१ वर ऐकतंय की ०.०.०.० वर, हे ‘एसएस’ कमांडनं कळतं. पहिलं असेल तर ते फक्त त्याच मशीनचं ऐकतं. तुमचं घरातल्या मोबाईलवर उघडतंय, तेव्हा तुम्हाला हे लागू नाही.

राऊटरच्या नियमात लोक चुकतात त्या जागा थोड्याच. टीसीपीच्या जागी यूडीपी (पॅकेट पाठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती) निवडणं, ही एक. ‘सोर्स पोर्ट’ नावाचा रकाना दिसला की त्यात ८०८० भरणं, ही दुसरी आणि माझ्या मते सगळ्यात फसवी. तो रकाना पाहुण्याच्या बाजूच्या पोर्टचा असतो, आणि पाहुण्याचं पोर्ट दर वेळी वेगळंच येतं. तो मोकळा सोडायचा. तिसरी, राऊटरचं स्वतःचं रिमोट मॅनेजमेंट ८०८० वरच चालू असणं. मग बाहेरून टाकलं की हिशोबाऐवजी राऊटरचं लॉगिन पान दिसतं. ते बंदच करा. बाहेरचं पोर्ट वेगळं, समजा ४५०८०, आणि आतलं ८०८० ठेवून बघा. काही कंपन्या घरगुती जोडणीवर २५, ८० आणि ४४३ आत येऊ देत नाहीत, तेव्हा मोठा आकडा घेतलेला बरा. वरची मर्यादा ६५५३५.

एक फसगत घरात बसून चाचणी करताना होते. घरच्याच वाय-फायवरून स्वतःचा पब्लिक पत्ता टाकला तर पुष्कळ राऊटरना गेटबाहेर जाऊन परत आत वळता येत नाही. पोर्ट व्यवस्थित उघडं असतं आणि तुम्ही रात्री एक वाजेपर्यंत केस उपटत बसता. चाचणी नेहमी मोबाईलचं वाय-फाय बंद करून, सिमच्या डेटावर. पोर्ट तपासणाऱ्या साइटींचंही तसंच: सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर त्या क्षणी चालू नसेल तर नियम बरोबर असूनही त्या ‘क्लोज्ड’ म्हणणार, आणि यूडीपीचं त्यांचं उत्तर मी तरी धरत नाही.

मग लाईट. मराठवाड्यात याच्याशिवाय सर्व्हरची गोष्ट पूर्ण होत नाही. लाईट गेली, आली, राऊटरनं पत्ते नव्यानं वाटले आणि सर्व्हर दहाचा तेवीस झाला. नियम अजून दहालाच पाठवतोय. काल चालत होतं, आज बंद, असं कुणी म्हटलं की मी आधी हेच विचारतो. राऊटरच्या डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटायच्या सेटिंगमध्ये) सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाच्या ओळख नंबरासाठी) दहा राखून ठेवा. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं, ते ‘ऑन’ करा, नाहीतर दुकानातून आईला फोन करून बटण दाबायला सांगावं लागतं. फायबरचा डबा आणि राऊटर बहुधा १२ व्होल्टचे असतात (मागचं लेबल बघून घ्या), छोट्या मिनी यूपीएसवर तासन्‌तास चालतात. डेस्कटॉपला मात्र खरा यूपीएस द्या. चालू डेटाबेसवरची वीज धाडकन गेली तर पोर्टची काळजी करायला हिशोबच उरणार नाही.

बाहेरचा पत्ताही लाईटबरोबर बदलू शकतो, त्यासाठी डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला एकच नाव देणारी सेवा) लावतात. पण त्याच्या हिरव्या टिकमार्कवर विसंबू नका. सीजीनॅट असेल तर ते कंपनीचा सामायिक पत्ता नोंदवून मोकळं होतं आणि “अपडेट झालं” म्हणतं. नाव बरोबर, पत्ता खरा, आणि दार तुमचं नाहीच.

सीजीनॅटच निघालं तर? कंपनीकडं स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा पत्ता) मागा, वेगळे पैसे घेऊन देतात. नाहीतर आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, तपासा. त्यात पत्ते भरपूर, फॉरवर्डिंग लागतच नाही, फक्त फायबरच्या डब्यातल्या फायरवॉलमध्ये सर्व्हरचं पोर्ट उघडावं लागतं. मोबाईल डेटावर ते आपल्याकडं चांगलं चालतं, पण दुकानाच्या जोडणीवर आयपीव्ही६ नसेल तर तिथून उघडणार नाही. तिसरं, सर्व्हरनंच बाहेर बोगदा काढायचा: क्लाउडफ्लेअर टनेल, टेलस्केल, किंवा भाड्याच्या छोट्या व्हीपीएसवर (नेटवरच्या सर्व्हरवर) वायरगार्ड नावाचं व्हीपीएन. सर्व्हर स्वतः बाहेर जोडला जातो, त्यामुळं वर कितीही गेटवाले असू देत.

आणि खरं सांगू का, तुमच्या जागी मी असतो तर पत्ता पब्लिक असूनही पोर्ट उघडलंच नसतं. वापरणारे किती? वडील, मुनीमजी आणि तुम्ही. तीन माणसांसाठी सगळ्या जगाला दार कशाला? त्या हिशोबात शेतकऱ्यांची नावं, मोबाईल, बँक खाती आहेत, आणि ८०८० वर तुमचं सॉफ्टवेअर बहुतेक साध्या एचटीटीपीवर, म्हणजे पासवर्डही उघडाच जातो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या कॉम्प्युटर-जंतूनं कंपनीचेच पासवर्ड ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते, कुणाचं नाव-गाव न बघता. मी प्रयोग म्हणून २२ नंबरचं, दुरून लॉगिन करायचं पोर्ट उघडं ठेवून झोपलो, सकाळी लॉगिनच्या फसलेल्या प्रयत्नांनी लॉग भरून वाहत होता. सर्व्हरवर, दुकानातल्या कॉम्प्युटरवर आणि वडिलांच्या फोनवर टेलस्केल टाका. तिघं एकाच खाजगी नेटवर्कात येतात, दोन डबे असोत की सीजीनॅट, फॉरवर्डिंगचा नियम काढून टाकता येतो. वडिलांना फक्त एक बुकमार्क करून द्यायचा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि आवक सुरू व्हायच्या आत होतं.

तरीही पोर्टच उघडायचं ठरवलंत, तर मला तीन गोष्टी कळवा: तुमच्या राऊटरच्या वॅन पत्त्याचे पहिले दोन आकडे, टीसीपीडम्प चालू असताना दुकानातून उघडल्यावर उमटलेल्या ओळी, आणि फायबर घरात जिथं उतरतं तिथून सर्व्हरपर्यंत मध्ये किती डबे लागतात ते, तार हातानं धरून मोजलेले. पूर्ण पब्लिक पत्ता मात्र कुठंही लिहू नका. टीसीपीडम्पच्या ओळींतल्या पत्त्यांचा शेवटचा भाग खोडून पाठवा.